एक मिनिट नमनासाठी

तीस वर्षं लग्नाच्या मांडवात आणि मिरवणुकीत स्पीकर लावून पोट भरलेल्या माणसाने सुट्टीत कुठे जावं? जिथे आवाज नाही तिथे, असं आमच्या घरातलं मत. मी निघालो गोव्याला, आणि तेही नाचायचं संगीत बनवणारी पोरं ऐकायला. "हलवाई सुट्टी काढून जिलेबी खायला निघालाय," बायको म्हणाली, आणि भाकरी-चटणीचं गाठोडं हातात दिलं.

कारण साधं होतं. गडहिंग्लजला माझ्या दुकानात पोरं पेनड्राइव्ह घेऊन येतात. गाणं कुणाचं म्हणून विचारलं की सांगतात, डीजेचं. पण डीजे नुसता वाजवतो. कॉम्प्युटरवर एकेक आवाज जोडून ते बनवणारा वेगळा असतो आणि त्याला प्रोड्युसर म्हणतात. इतकी वर्षं मी ज्यांच्या जिवावर जेवलो, त्यांच्यातलं एकही तोंड पाहिलेलं नव्हतं. याची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा उत्सुकता जास्त.

तिलारीचा घाट उतरून दोडामार्गला बस बदलली आणि दुपारी डिचोलीत पोचलो. स्टँडवर वैभव उभा होता. आमच्या शेजारच्या पाटलांचा मुलगा. इथल्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या गोळ्या पॅक करणाऱ्या मशीनवर तो काम करतो. त्याच्या खोलीत तीन गाद्या, एक शेगडी, आणि कोपऱ्यात लॅपटॉप. दोघे सोबती पाळीवर गेलेले.

"काका, हे ऐका की," म्हणत त्याने हेडफोन माझ्या कानावर चढवला.

खट-खट-सूंऽ, खट-खट-सूंऽ. मशीनचाच आवाज. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर पकडून आणलेला. त्यावर हळूहळू एक जाड, खालचा सूर येत गेला, आणि माझा पाय माझ्या परवानगीशिवाय हलायला लागला. या पोराने मशीनचा कंटाळा जसाच्या तसा ठेवून त्यातून ताल काढला होता. तो 'सेकंड शिफ्ट' या नावाने गाणी इंटरनेटवर टाकतो. सुपरवायझरला माहीत नाही म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याची साप्ताहिक सुट्टी. मोटरसायकलवरून तो मला पाळी नावाच्या गावाला घेऊन गेला. खाणींचा पट्टा. रस्त्याकडेची झाडं खाणीच्या धुळीने अजून लाल आहेत. तिथल्या एका प्रोड्युसरने वडिलांचे टिपर (खनिज वाहणारे ट्रक) उभे करायच्या शेडमध्येच स्पीकर मांडले होते. त्याचं गाणं फार वेगवान, आणि दर थोड्या वेळाने टिपरचा हॉर्न. मी चार मिनिटं दम धरला. "कसं वाटलं?" त्याने विचारलं. खोटं बोलवेना. "हॉर्न एकदाच ठेव," म्हटलं, "दुसऱ्यांदा वाजला की माणूस बाजूला सरकतो." तो मनापासून हसला. त्याचं ऐकायला आणखी दोन वर्षांनी जावं, असं माझं मत आहे.

परतताना मयेच्या तळ्याकाठी मासळीचं जेवण घेतलं. सोलकढीचा दुसरा पेला संपवताना वैभव म्हणाला, "काका, खरं ऐकायचं असंल तर चोपड्याला जावा. तन्वीकडं. पण सध्या तिच्या घरात जरा वाजलंय."

शनिवारी सकाळी म्हापशाहून शिवोलीचा पूल ओलांडला. पुलाखाली शापोरा नदी, काठाला होड्या, आणि पलीकडे चोपडे. नदीचं खारं पाणी बांध घालून अडवलेली शेतं आहेत, त्यांना खाजन म्हणतात. तन्वीने प्रोड्युसर म्हणून तेच नाव घेतलं आहे, 'खाजन'. वय पंचवीसेक, कॉमर्सची पदवीधर, आठवडाभर म्हापशात एका दुकानात बिलं करते. वैभवने फोन करून ठेवला होता, त्यामुळे तिने आधी चहा दिला आणि मग भांडण सांगितलं.

तिचे मामा, येसो मामा, गावातले नावाजलेले घुमट वाजवणारे. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडाला चामडं ताणलेलं. शिगम्यात (इथल्या होळीच्या सणात) गावाच्या मांडावर, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या अंगणात, ते वाजतं. तन्वीने यंदा मामांचं वादन रेकॉर्ड केलं आणि त्यावर गाणं बांधलं. ते मी ऐकलं. सुरुवातीला मिनिटभर नुसता ठोका, मग घुमट असं उसळून येतं की मी खुर्ची घट्ट धरली. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतका स्वच्छ खालचा आवाज ऐकला नव्हता.

"मग अडलंय कुठे?"

"मांडावर आधी नमन गातात. सगळ्या देवांना, राखणदाराला (जागेच्या रक्षक देवाला) बोलावतात, मगच वाजवायचं. मी ते कापलं. नमनाला ठोकाच नसतो ना काका, नाचायला चालत नाही. मामांनी बाजारात कुणाच्या तरी मोबाइलवर ऐकलं. त्या दिवसापासून म्हणतात, वाजवायचं नाही."

आणि उद्याच, रविवारी, मोरजीच्या किनाऱ्यावर संध्याकाळच्या कार्यक्रमात तिला पहिल्यांदा वेळ मिळाला होता. तिच्या आधी मुंबईचा एक मोठा डीजे वाजवणार होता. त्याला गाणं आवडलं तर तो ते आपल्यासोबत शहराशहरांत नेणार. प्रोड्युसरचं नाव असंच होतं, दुसऱ्यांनी वाजवून. तन्वीकडे दुसरी गाणी होती, पण तिचं तिलाच ठाऊक होतं की ती या गाण्याच्या पासंगालाही पुरत नाहीत.

मी म्हटलं, मी बोलतो मामांशी. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची सवय काही साठीला आल्यावर जात नाही.

येसो मामा शेजारच्या घरी सोप्यावर (ओट्यावरच्या दगडी बाकावर) बसले होते. सडपातळ, पांढऱ्या मिश्या, आवाज मात्र मडक्यासारखा खोल.

"येयात, बसात. खंयसून इलात?" (या, बसा. कुठून आलात?)

त्यांनी उंडे (गोल, कडक पाव) आणि पातळभाजी मागवली. खाताखाता मी विषय काढला, आणि हलकं करावं म्हणून हसत म्हणालो, "आमच्याकडे म्हणतात ना मामा, नमनाला घडाभर तेल!"

मामांचा घास हातातच राहिला. "तुमच्याकडे असां म्हणतात?" एवढंच बोलले. मी उंडा नुसताच चावत राहिलो. मग चूक सुधारायला दुसरी केली. "अहो, जगभर तुमचं नाव होईल."

"नांव माजां न्हय," ते म्हणाले. "मांडाचां."

दारात तन्वी येऊन उभी होती. मला वाटलं, आता ही रडणार. ती रडली नाही. तिने हेडफोन पुढे केला. "मामा, एकदा पुरतं ऐक. मग नाही म्हण." मोबाइलवरचं तुटक ऐकूनच ते रागावले होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मामांनी डोळे मिटून ऐकलं. घुमट आलं तेव्हा त्यांची बोटं मांडीवर वाजायला लागली. संपल्यावर म्हणाले, "बरां केलंस. पण हो पयलो मिनीट रिकामो कित्याक?" (हे पहिलं मिनिट रिकामं का?)

तन्वीने समजावलं. डीजे दोन गाण्यांच्या मध्ये कधी थांबत नाही. आधीचं गाणं चालू असतानाच पुढचं हळूच त्यात मिसळतो. त्यासाठी प्रत्येक प्रोड्युसर सुरुवातीला नुसता ठोका ठेवतो, म्हणजे दुसऱ्याला जोडून घेता येतं. ही या धंद्याची रीतच आहे.

"म्हणजे दुसऱ्याक येवक जागो दवरलंस," मामा म्हणाले. "आनी राखणदाराक?" (दुसऱ्याला यायला जागा ठेवलीस. आणि राखणदाराला?)

मी ते मिनिट हजारदा वाजवलं असेल, पण ते कुणासाठी तरी राखलेली जागा आहे हे मला कधी सुचलं नव्हतं.

"थंय नमन घाल," (तिथे नमन घाल) मामा म्हणाले.

"पण मग ते जोडता येणार नाही, मामा. कुठलाच डीजे माझं गाणं घेणार नाही."

"जाका वाजवचां आसा, ताणें पयलीं थांबचां." (ज्याला वाजवायचं आहे, त्याने आधी थांबावं.)

मांडावरचं नमन मात्र द्यायला त्यांनी नकार दिला. ते मांडाचं, ते तिथेच राहणार. त्याऐवजी इथेच नवं गातो म्हणाले, कुठल्याही गावाचं नाव न घेता, ज्या जागी वाजेल त्या जागेच्या राखणदाराला आणि जमलेल्या माणसांना. माइक धरायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या वेळी कोंबडा आरवला, दुसऱ्या वेळी पोदेर (सायकलवरचा पाववाला) भोंपू वाजवत दारातच आला. तिसऱ्यांदा मामांनी एका दमात गायलं, आणि माझा हात माइक धरून अवघडला तरी मी तो हलवला नाही. गाताना मामांचा आवाज एकदा फाटला. तन्वीने तो तसाच ठेवला.

निघताना मी तिला विचारलं, उद्या कुठलं वाजवशील, नमनासकट की नमनाशिवाय? तिने मामांकडे पाहिलं.

"तुजां तू बघ," मामा म्हणाले. त्यांनी परवानगी दिली होती, आग्रह धरला नव्हता. त्यामुळे तिची पंचाईत जास्त झाली, असं मला वाटलं.

रविवारी मोरजीच्या वाळूवर दीड-दोनशे माणसं होती. देशी, विदेशी, कडेवर पोरं घेतलेली, काही नुसतीच समुद्राकडे बघणारी. मुंबईचा डीजे, दाढीवाला आणि सभ्य, छान वाजवत होता. मामा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याजवळ उभे होते. तन्वीची वेळ आली. तिने डीजेच्या कानात काहीतरी सांगितलं. त्याने भुवया उंचावल्या, पुन्हा विचारलं. ती मान हलवत राहिली. मग त्याने आपलं गाणं शेवटपर्यंत जाऊ दिलं आणि बटणावरून हात काढला.

शांत. एकदम शांत. नाचणारे जागच्या जागी थांबले. कुणीतरी शिट्टी मारली. आणि मी? मी जनरेटरकडे धावलो. आवाज बंद म्हणजे वायर सुटली, एवढंच तीस वर्षांत शिकलोय. चार पावलं गेलो असेन, तोवर स्पीकरमधून मामांचा आवाज आला.

मी वळून पाहिलं. माणसं हसत नव्हती. कुणी नाचत नव्हतं, पण कुणी निघूनही जात नव्हतं. पुढची एक विदेशी बाई खाली बसली. एका बापाने खांद्यावरच्या मुलीला उतरवून शेजारी उभं केलं. मामांनी वाळूत चपला काढून ठेवल्या होत्या आणि हात जोडले होते, आपल्याच आवाजापुढे. मग घुमट उसळलं, आणि त्या किनाऱ्यावर जे नाचणं झालं ते मी माझ्या कुठल्याच मांडवात पाहिलेलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर दाढीवाला स्वतः चालत आला. "जबरदस्त आहे. मला पाठव. फक्त सुरुवातीचं मिनिट कापून दे, म्हणजे मला जोडता येईल."

तन्वीचा चेहरा मला अजून दिसतो. जे हवं होतं ते समोर उभं होतं. तिने मामांकडे पाहिलंसुद्धा नाही. "कापून नाही देणार," ती म्हणाली. "असंच वाजवणार असाल तर पाठवते."

तो हसला, बघतो म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी आंबोलीच्या वाटेने परत निघालो. बसमध्ये मी डोक्यात यादी केली. वैभवला आजच ऐका. पाळीच्या पोराला थोडी वर्षं द्या. आणि तन्वीला ऐकायचं तर आधी हातातलं काम ठेवा. मुंबईच्या डीजेने तिचं गाणं वाजवल्याचं अजून कानावर आलेलं नाही. तिने धरलेला हट्ट महागात पडणार, हेही मला कळतं.

महिन्याभराने आमच्या गावात एका लग्नाची वरात होती. गाणी सलग चालू, पोरं रंगात. मी गाणं पूर्ण संपू दिलं आणि थांबलो. नवरीचा बाप धावत आला, "लाईट गेली काय हो?" मी म्हटलं, गेली नाही, जरा थांबा. मग तन्वीचं गाणं लावलं, सुरुवातीपासून.

घरी येऊन तिला फोन केला आणि वरातीत गाणं लावल्याचं सांगितलं. तिने फोन सरळ मामांकडे दिला.

"थांबले?" मामांनी विचारलं.

"थांबले," म्हटलं.