मिरची शे

आमच्या मोठ्या सिस्टरांचे डोळे कधीही भरून आले, की त्या पदरानं पुसत आणि एकच खुलासा करीत, "मिरची शे." मूळच्या त्या मंगळूरकडच्या. मराठी पुस्तकातून शिकल्या, पण बोलल्या जन्मभर शहाद्याच्या बाजारातली, 'आहे'ला 'शे' म्हणणारी अहिराणी, अगदी शिक्षणाधिकाऱ्यांशीसुद्धा.

धडगाव रस्त्यावरच्या त्यांच्या मिशनच्या शाळेत मी गणित शिकवत असे. शाळा विनाअनुदानित, फी नावापुरती आणि आमचे पगार कायम दोन महिने मागे. फी वाढवा म्हटलं, की सिस्टर म्हणायच्या, "वाढाडी तं पोरी पहिले घर बसतीन." हे खरं होतं, म्हणूनच मला त्यांचा जास्त राग यायचा.

एका दिवाळीनंतर त्यांनी शाळेचं मैदान शहाद्याच्या मिरचीवाल्या शेठला मिरची वाळवायच्या पथारीसाठी भाड्यानं दिलं. ओली लाल मिरची मैदानभर पसरली. ती उलटायला आमच्याच पोरींच्या आया लावायच्या, ही अट त्यांनी शेठच्या गळी उतरवली. आयांना मजुरी मिळाली, मजुरीतून फी आली, भाड्यातून पगार झाले. फक्त वारा कुठून येतो, एवढं बघायचं राहून गेलं. मी नाकाला रुमाल बांधून त्रैराशिक शिकवू लागलो आणि प्रार्थना शिंकल्याशिवाय आमेनपर्यंत पोचेना. खेळाचे सर तर महिनाभर सिस्टरांशी बोलले नाहीत.

त्याच हंगामात शहरातून मदर आल्या. त्या सिस्टरांच्या वरिष्ठ. अशा भाड्यावर शाळा किती दिवस चालणार, असं म्हणून त्यांनी ती बंद करायचं ठरवलं होतं. ऑफिसात आम्हाला तसं सांगितलं आणि पालकांना सांगायला त्या व्हरांड्यात आल्या. पथारीवरच्या बाया हातातलं काम टाकून समोर जमल्या. "ही शाळा..." मदर म्हणाल्या, तेवढ्यात वारा सुटला आणि त्यांच्या डोळ्यांतून धार लागली. पुन्हा "ही शाळा..." आणि पुन्हा धार. तेव्हा सहावीतल्या सुनीताची आई पुढे झाली आणि दिवसभर मिरचीत वावरलेल्या पदरानं तिनं मदरचे डोळे मायेनं पुसले.

त्यानंतर मदरना बराच वेळ काही दिसलं नाही.

"रडू नको माय," सुनीताची आई म्हणाली, "आम्ही शेतस ना." हंगामात आठवड्यातली एका दिवसाची मजुरी शाळेला द्यायची, असं बायांनी तिथल्या तिथे ठरवलं. हे रडू नाही, मिरची आहे, असं मदरना बायांना सांगू द्या, असं मी सिस्टरांच्या कानात पुटपुटलो.

"गप ऱ्हा सर," त्या म्हणाल्या. "आज मिरची नही शे."

एवढं सांत्वन झाल्यावर शाळा बंद म्हणायला मदरची जीभ रेटेना. बघू अजून एक वर्ष, एवढंच त्या बोलल्या.

ते वर्ष लांबत गेलं. शाळा अजून चालू आहे. सिस्टरांची मात्र बदली झाली. त्या निघाल्या तेव्हा जुलै होता, पथारी कधीच उठली होती आणि मैदानात गुडघाभर गवत होतं. जीपमध्ये बसताना त्यांनी बायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला.

"मिरची शे," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणालो. माझ्याही डोळ्यांत तीच गेली होती.