पाळी गेल्याची शाबासकी

सरांनी माझ्या डब्यातली दुसरी भाकरी उचलली आणि मैदानावरच्या कुत्र्यापुढे टाकली. सगळ्या पोरींसमोर.

"तुमच्या वस्तीतल्यांचं हे असंच. पिढ्यान्‌पिढ्या उपाशी. अन्न दिसलं की तुटून पडता. हलकी झालीस तरच पळशील."

पोरी हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

नगरला कॉलेजात होते, लांब पल्ल्याच्या शर्यती पळायचे. सर आमचे कोच. अर्ध्या भाकरीवर आले. वेळ सुधारली. मग पाळी थांबली. सगळा धीर गोळा करून सरांना सांगितलं, तर पाठीवर थाप पडली. "शाब्बास! म्हणजे शरीर तयार झालं." मला चक्क अभिमान वाटला.

उन्हाळ्यात कर्जतला घरी गेले. आमच्याकडे पाळीत बाई बाजूला बसते, चुलीला शिवत नाही. त्यामुळे कुणाची कधी आली, सगळ्या आळीला ठाऊक. मी अख्ख्या सुट्टीत बाजूला बसलेच नाही. शेजारणी कुजबुजायला लागल्या. एका दुपारी आईनं दार लावून घेतलं.

"कुनाचं हाय?"

आधी मला कळलंच नाही. कळलं तेव्हा आतून तुटले. हजार शपथा घेतल्या. माझ्या आईला, माझ्या स्वतःच्या आईला, एकही पटली नाही.

तोंडाला पदर बांधून तिनं मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. दिवस गेलेले नव्हते. त्यांनी विचारलं, "जेवतेस किती?" मी सांगितलं. नडगीही दुखते म्हणाले, तर तिचा एक्स-रे काढला. हाडाला बारीक चीर.

"पळायला लागतं तेवढंही पोटात जात नाही तुझ्या. मग शरीर एकेक काम बंद करतं. आधी पाळी. मग हाडं झिजतात."

बाहेर पायरीवर आई मटकन बसली. "म्या तुज्यावर आळ घेतला गं, बाय." तिचं रडणं थांबेना. मी उपाशी राहिले सरांसाठी आणि भाजून निघाली ती.

आठवड्यानं सरांचा फोन आला. हाडाचं आणि पाळीचं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते सांगितलं. "स्पर्धा जवळ आलीय. पट्टी बांध आणि ये. पाळीचं काय ते लग्नानंतर बघू."

"न्हाई येनार," मी म्हणाले. सरांशी मी कधी घरच्या बोलीत बोलले नव्हते. फोन ठेवला.

हाड जुळेल. पाळी कधी येईल, डॉक्टरीणबाईंनाही नक्की सांगता येत नाही. पण पाय बरा झाला की मी त्या मैदानावर जाणार आहे. एकेका पोरीला विचारणार आहे, तुझी येते का गं? थांबली असेल तर पळणं थांबव, आधी जेव. हे कानात सांगणार नाही. सर उभे असतील तिथंच, मोठ्यानं सांगणार आहे.