चढवलेला खर्ज

तापलेल्या स्पीकरवरच्या धुळीचा वास आला की अकोल्याच्या जठारपेठेतली ती संध्याकाळ आठवते. आमच्या गाण्याच्या क्लासचा कार्यक्रम होता. मी गात होतो आणि मागे तानपुऱ्यावर क्लासमधले म्हातारे काका होते. स्वतःचं गाणं ऐकू यावं म्हणून मी हट्टानं एक स्पीकर कानाशी, मोठ्या आवाजात लावून घेतला होता. त्यात मला तानपुऱ्याची खर्जाची जाड तार उतरलेली वाटली. भर कार्यक्रमात मी मागे वळून म्हणालो, "काका, खर्ज उतरला हाये. कान घरी ठेवून आले काय?" लोक हसले. काकांनी तार चढवली. थोड्या वेळानं स्पीकर तापून बंद पडला आणि मागचा खरा तानपुरा ऐकू आला. खर्ज चांगलाच चढलेला होता. नंतर तानपुऱ्याला खोळ घालताना काका म्हणाले, "आवाज लय मोठा असला का खर्ज उतरल्यासारखा वाटते, बाबू. मी बरोबरच लावला होता." "मंग चढवला काहून?" "गाणारा तू होता. लोकायसमोर तुले खोटं कसं पाडू?" आता तोच तानपुरा मी रोज लावतो. खर्जाला हात घातला की आधी ते हसणं ऐकू येतं. त्यात माझंही आहे.