शेवाळाची बेणणी

आमच्या खाला शिव्या शेवाळाला घालायच्या, पण बघायच्या माझ्याकडे. "मेल्या, लाज न्हाई वाटत? जागा दिसली की पसरलास!" माझ्या माशांच्या टाकीत हिरव्या केसांसारखं शेवाळ डुलत असायचं, आणि आठ दिवसांची दाढी खाजवत मान खाली घालायचो मी.

खाला म्हणजे मावशी, पण नात्याच्या नव्हेत; मारुंजीच्या चौकात त्यांचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. माहेर पौडचं, नवरा गेल्यावर दुकान त्यांनी एकटीने ओढलं. माझी खाऱ्या पाण्याची टाकी, तिच्यातली प्रवाळं, गोगलगायी, नारिंगी माशांची जोडी, सगळं त्यांच्याकडचंच. पुढे माझी नोकरी गेली. सकाळी अंथरुणातून उठायला ती टाकी एवढंच कारण उरलं होतं, आणि तीच शेवाळ गिळायला निघालं होतं. मी पार घाबरून गेलो होतो.

मी शेवाळ मारायच्या औषधाची बाटली मागवली होती. खालांनी ती उचलून थेट कचऱ्याच्या डब्यात टाकली. "ताप आला की गोळी, तण आलं की फवारा! प्रवाळ मरंल ना त्यात. आरं, तणाला बेणणी लागती. वाकायचं आन् हातानं उपटायचं." मग त्यांनी विचारलं, "पाणी कुटलं घालतुयास?"

"स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं."

"त्याच्या आतलं कधी बदललंस?"

आतलं काही बदलायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. त्यांनी पिशवीतून काचेची नळी काढली, तिच्यात आमचं फिल्टरचं पाणी घेतलं, वर थेंब टाकले. नळी लालभडक झाली. आमच्या सोसायटीचा टँकर रिहे गावच्या विहिरीवरून येतो हे कळल्यावर तर खालांनी कपाळालाच हात लावला. "या अल्ला! भातखाचराचं खत झिरपतंय त्या विहिरीत. आन् तुजा फिल्टर मेलेला. पोरा, रिह्यात भाताला बी कुणी इतक्या मायेनं खत घालत न्हाई!"

त्या दिवसापासून दर रविवारी खाला स्कूटरवरून शुद्ध पाण्याचे कॅन घेऊन हजर. त्यात मीठ कालवायचं, टाकीतलं चौथा हिस्सा पाणी बदलायचं. दिवा दहा तासांऐवजी सहाच तास. माशांना खाणं एक दिवसाआड. आणि रोज सकाळी आठला दात घासायच्या ब्रशने दगड घासायचे, सुटलेलं शेवाळ नळीने ओढून घ्यायचं. आठला त्यांचा फोन यायचाच. "बसलास का बेणायला?" एवढंच विचारायच्या आणि ठेवायच्या.

चौथ्या आठवड्यात मी हात टेकले. आज काढावं तर उद्या पुन्हा तेवढंच. म्हटलं, "खाला, नाही होत माझ्याच्याने. विकून टाकतो."

"इक की. पण आधी साफ कर. घाण टाकी इकलेली मी खपवून घ्यायची न्हाई."

बाई मोठी वस्ताद! साफ व्हायला आणखी दोन महिने गेले. तोवर मला आठला उठायची सवय लागली होती, दाढी होत होती, अर्जही जात होते. प्रवाळांनी पुन्हा बोटं उघडली आणि मला हिंजवडीत काम मिळालं. विकायचं नाव मग कोण काढतोय!

रस्ता रुंद झाला त्यात खालांचं दुकान गेलं. त्या महाडला लेकीकडे जायला निघाल्या, तेव्हा शेवटचं भेटायला आल्या. मी टाकी आरशासारखी घासून ठेवली होती. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं.

"लई घासलंस," त्या म्हणाल्या. "गोगलगायी काय खातील मग? मागची काच सोड. तितं येऊ दे थोडं. समद्यावरच कशाला दात धरतुयास?"

वर्षभराने त्यांच्या लेकीचा फोन आला. खाला झोपेतच गेल्या होत्या. घड्याळात आठ वाजत होते, माझ्या हातात ब्रश होता. मागच्या काचेवर हिरवी साय धरली होती आणि तिच्यावर दोन गोगलगायी निवांत चरत होत्या. मी खाली बसून लहान पोरासारखा रडलो. मग उठलो, पुढची काच घासली, हात धुतले आणि कामावर गेलो.