भावकीच्या साडीला कात्री

पनवेलजवळच्या कोन गावातल्या घरत आडनावाच्या भावकीत चैत्रातल्या दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे कार्ल्याच्या डोंगरावर आई एकवीरेच्या दर्शनाला जायचं. दुसरी, तिथं सगळ्या बायकांनी एकसारखी साडी नेसून जायचं. पहिली चाल फार जुनी आहे. दुसरी मोबाईल आल्यानंतरची, पण भावकीतल्या सुना तिच्याबद्दल अशा बोलतात, जणू देवीनेच कुणाच्या स्वप्नात येऊन रंग सांगितला. यंदाचा रंग मोरपंखी होता. काठ सोनेरी, आणि कापड असं गुळगुळीत की नुसतं बसलं तरी खांद्यावरून घसरावं.

जनीच्या वाट्याची साडी घरी आली तेव्हा तिनं ती हातात घेतली, बोटांनी चोळून पाहिली आणि म्हणाली, "हिनंच पारलं मना."

खरं तर हिनं नाही, हिच्या बहिणीनं. गेल्या वर्षीची साडी राणी रंगाची होती. डोंगराच्या पायऱ्या चढताना तिच्या निऱ्या पायात आल्या, जनी हातावर आपटली आणि पावसाळा येईपर्यंत मनगट प्लास्टरमध्ये घेऊन बसली. घरात सगळ्यांनी एकमुखानं ठरवलं की दोष गुडघ्यांचा. निऱ्यांवर कुणी बोट ठेवलं नाही. साडीवर कसं ठेवणार? ती तर फोटोत सुंदर दिसत होती.

यंदा जायच्या आठवडाभर आधी हरेशनं, म्हणजे तिच्या मुलानं, जेवता जेवता निकाल देऊन टाकला. "आई, तू या टायमाला खाली बसमध्येच बस. एसी चालू ठेवायला सांगतो ड्रायव्हरला. ओटी हेतल वाहील."

हेतल म्हणजे सून. तिनं मान खाली घालून भात कालवला, पण नाही म्हटलं नाही.

इथं बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढं काय त्यात? एका वर्षी सुनेनं वाहिली ओटी तर बिघडलं कुठं? पण घरत भावकीची रीत अशी की दर घराची एक ओटी. खण, नारळ, तांदूळ, बांगड्या, हळदकुंकू. ती घरातल्या थोरल्या बाईनं वर नेऊन आपल्या हातानं वाहायची. पुजारी त्यातला नारळ आणि मूठभर तांदूळ प्रसाद म्हणून तिच्या पदरात परत टाकतो, तो घरच्या देव्हाऱ्यात येतो. आणि एकदा का हा मान सुनेच्या हाती गेला की तो परत फिरत नाही. मग सासूनं आयुष्यभर मागं उभं राहायचं. जनीला हे माहीत होतं, हरेशला माहीत होतं, ताटावर बसलेल्या तिच्या नवऱ्याला, तुळशीरामलाही माहीत होतं. तो नेहमीप्रमाणं आमटी पीत राहिला.

जनीचं माहेर उरणकडचं, बाप मिठागरावरचा. मिठाची पाटी डोक्यावर घेऊन वीतभर रुंदीच्या बांधावरून चालायला ती पोरपणी शिकली. लग्न होऊन कोनला आली तेव्हा चिखलात भात लावला, आणि भाजीची पाटी घेऊन पनवेलच्या बाजारात पायी गेली. मग जमिनी गेल्या, रस्ते आले, बंगला उभा राहिला. घरात पैसा आला तसं जनीला सगळे बसायला सांगू लागले. आई बस. आई, तू कशाला उठतेस? आई, खाली वाकू नको. प्रेमानंच सांगत, म्हणून तर तिला राग कुणावर काढायचा ते कळत नसे. सोफा मऊ होता. त्यावर बसून बसून तिच्या पायांतलं बळ कमी झालं आणि मग सगळे म्हणाले, बघ, आम्ही सांगत होतो.

त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मोरपंखी साडी पिशवीत घातली, रिक्षा केली आणि नवीन पनवेलला चारुताच्या दुकानात गेली. चारुता बायकांचे ब्लाउज, ड्रेस शिवते. तिला वाटलं, मावशी फॉल-बिडिंगला आल्या.

"फाल नको," जनी म्हणाली. "काप."

"काय कापू?"

"सारी. पायजमा शिव, आनि वर गुडघ्यापर्यंत सदरा. तुज्या अंगावर हाय तसा."

चारुतानं स्वतःच्या कुर्त्याकडं बघितलं, मग कोऱ्या करकरीत साडीकडं. "मावशी, ही भावकीची मॅचिंग साडी ना? कापली की परत जुळत नाही हो. घरी विचारलंत का?"

"नेसनार मी. इचारू कोनाला?"

चारुतानं कात्री उचलली, ठेवली, परत उचलली. जनीनं साडीचं एक टोक स्वतः ताणून धरलं. पहिली कात्री चालली तेव्हा दोघीही घाबरल्या होत्या, हे लपवण्यात अर्थ नाही. पुढं मात्र जनीला चेव आला. कंबरेला नाडी नको, रबर घाल. आतून सुती अस्तर लाव, हे कापड घामाला चिकटतं. पाय घोट्याच्या वर संपू दे. सोनेरी काठ हाताला आणि घेराला लाव, फुकट कशाला घालवायचा? आणि खिसे ठेव. दोन्ही बाजूंना, हात मनगटापर्यंत जाईल एवढे.

"एवढे खोल?"

"जल्म गेला चंची कनवटीला खोचून," जनी म्हणाली. "आता मना खिसं पायजेत."

घरी कपाटामागं लपवून ठेवलेला तो जोड तिनं फक्त तुळशीरामला दाखवला. तो आधी हसला. खोकला येईपर्यंत हसला. मग त्यानं खिशात हात घालून पाहिला आणि गंभीर होऊन म्हणाला, "एका खिशात माझा चष्मा ऱ्हाईल का?" तुळशीरामकडून यापेक्षा मोठा पाठिंबा तिला उभ्या संसारात मिळाला नव्हता.

निघायच्या सकाळी बसपाशी मोरपंखी रंगाचा पूर आला होता. गजरे, सोनं, गॉगल, फोटो. त्यात जनी बंगल्याच्या पायऱ्या उतरून आली. तोच रंग, तोच काठ, पण सदरा आणि पायजमा. पायात पट्टीचे बूट, हातात ओटीची पिशवी. सगळ्या वळून बघू लागल्या. मग कुणीतरी फिस्सकन हसलं.

हेतलच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आई, ग्रुप फोटो आहे हो! सगळ्या सेम दिसायला पाहिजेत."

"सेमच हाय. कापड बग."

हेतल स्वतः घरात लेगिंग घालून फिरते, माथेरानला जीन्स घालते. पण सासूच्या पायात पायजमा पाहिला आणि तिला घराण्याची अब्रू आठवली. अशी असते गंमत. सोय ही तरुणांची मालकी, म्हाताऱ्यांनी शोभा सांभाळायची.

मग कुमुद पुढं आली. कुमुद म्हणजे जनीची थोरली जाऊ, पोरासुनांची मोठी आई, भावकीतल्या रीतीभातींचा शेवटचा शब्द. ती जनीभोवती अर्धी फेरी मारून आली. "जने, पदर कुठं हाय?"

"नाय."

"मग परसाद कशात घेशील? आईसमोर काय हात पसरशील भिकारनीवानी? पदराबिगर ओटी नाय चालत. आपल्यात कदी चालली नाय."

"गेल्या वर्षी पदर व्हता की," जनी म्हणाली. "पदरासकट पडली मी. कोनी झेलली?"

हरेश मध्ये पडला. "आई, तमाशा नको. तुला वर यायचं तर ये, हळूहळू ये. पण ओटी हेतलकडं दे." आणि त्यानं पिशवीकडं हात केला.

जनीनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मी मेल्यावर घे," ती म्हणाली आणि बसमध्ये पहिल्या सीटवर जाऊन बसली. कार्ला येईपर्यंत तिच्याशी कुणी बोललं नाही. तिनंही कुणाशी बोलायचा प्रयत्न केला नाही, फक्त घाट लागल्यावर पाय मोकळे लांब पसरले आणि तिला फार बरं वाटलं.

डोंगर काही तिच्यासाठी लहान झाला नव्हता. गुडघे दुखले. धाप लागली. ती थांबली, कठड्याला टेकली, खिशातून गोळी काढून घेतली, रुमालानं तोंड पुसलं आणि परत निघाली. पण पाय टाकताना खाली बघावं लागत नव्हतं. निऱ्या सावरायला हात अडकत नव्हते, एक कठड्याला होता आणि एकात ओटी. किती वर्षांत ती अशी चालली नव्हती! तिला वाटलं, आपण म्हाताऱ्या झालो त्याहून जास्त आपल्याला गुंडाळून ठेवलं होतं. पुढं हेतल भेटली. एका हातात निऱ्या, एका हातात मोबाईल, खांद्यावरून सुटलेला पदर दातात. जनीनं तिचा मोबाईल काढून घेऊन आपल्या खिशात टाकला आणि पुढं गेली.

देवळात रांग सरकत सरकत गाभाऱ्यापाशी आली. हेतल मागंच होती, हरेशही होता, भावकीतल्या आणखी बायका होत्या. जनीनं ओटी पुढं केली. पुजाऱ्यानं ती आईच्या पायाशी लावली, नारळ आणि तांदूळ उचलले आणि सवयीनं पदर शोधला. पदर नव्हता. त्याचा हात क्षणभर हवेत राहिला. आयुष्यभर ज्या आईला ती मानत आली होती तिच्या पुढ्यात, सगळ्या भावकीदेखत, यानं नाही म्हटलं तर?

तिनं सदऱ्याचा पुढचा घेर दोन्ही हातांनी उचलून धरला.

पुजाऱ्यानं त्यात नारळ टाकला, तांदूळ टाकले आणि तिच्या डोक्यावरून मागं बघत ओरडला, "चला, पुढं सरका, मागं गर्दी आहे!" बस. एवढंच झालं. ज्या गोष्टीवरून आख्ख्या बसनं तोंड फिरवलं होतं, तिच्यासाठी देवीच्या दारात कुणाला वेळसुद्धा नव्हता. जनीला रडू आलं. ती रडलीही थोडी, देवीकडं बघत, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

बाहेर फोटोसाठी सगळ्या उभ्या राहिल्या तेव्हा एक मोरपंखी साडी कमी भरली. "मोठी आई कुठंय?" कुणीतरी विचारलं. "त्या मागून येतात, दर वर्षी तसंच असतं," दुसरी म्हणाली. जनीनं नारळ हेतलकडं सांभाळायला दिला आणि एकटी खाली उतरली.

निम्म्या वाटेवर सरबताच्या टपरीमागं कुमुद बसलेली होती. साडीचा काठ फाटलेला, निऱ्यांना धूळ, मांडीवर स्वतःच्या घरची ओटी जशीच्या तशी. जनीला पाहून तिनं तोंड फिरवलं.

"परसाद घेतलास?" कुमुदनं विचारलं.

"घेतला. तू हितं काय करतंस?"

कुमुदनं मांडीवरची ओटी जवळ ओढली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मना नाय चढवत. तीन वरसं झाली. हितंच बसते, खालूनच हात जोडते. फुलवाल्याकडून नारळ घेते नि घरी परसाद म्हनून देते. माझ्या सुनेला कलू देऊ नको, जने. मान जाईल माझा."

जनीला आधी संताप आला. सकाळी सगळ्यांसमोर माझा पदर शोधत होतीस, आणि तू स्वतः? हे तोंडावर आलं होतं, आणि ती तोंडावर आलेलं गिळणाऱ्यांतली नव्हे. "मना भिकारीन म्हनालीस तू," ती म्हणाली.

"म्हनाले."

"तोंड वर करून म्हनालीस."

"व्हय." कुमुदच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मना भ्या वाटलं. तू चढलीस तर लोक मना इचारतील, तू का नाय?"

जनीनं तिच्याकडं बघितलं. हिलाही कुणीतरी वर्षानुवर्षं बसायलाच सांगितलं असणार. मग तिनं वाकून कुमुदच्या खांद्यावरची पिन काढली. कंबरेच्या पिनाही काढल्या. निऱ्या गोळा केल्या, दोन पायांतून मागं घेतल्या आणि घट्ट खोचल्या. चिखलात उतरताना त्या दोघी जशा खोचत, तशाच. कुमुदचे गुडघे उघडे पडले. सरबतवाला बघायला लागला.

"जने, लोक बगतात!"

"बगू दे. गुडगं त्यांचं नाय, तुजं हाय. ऊठ."

कुमुदनं एक हात कठड्याला लावला, एक जनीच्या खांद्यावर ठेवला. पहिल्या दोन पायऱ्यांना ती कण्हली. तिसरीला तिनं खाली बघणं सोडलं.

वरून हरेश त्यांना शोधत उतरत होता. मोठी आई गुडघ्यापर्यंत साडी खोचून आणि आई पायजम्यात, दोघी घामाघूम, पुन्हा वर निघालेल्या. तो जागीच थांबला आणि त्यानं दोन्ही हात पसरून वाट अडवली.

"आई, तुम्ही दोघी बसा इथं. मी ओटी वर नेऊन देतो."

"हरेश," जनी म्हणाली, "वाट सोड."

त्यानं आईच्या तोंडाकडं पाहिलं, आणि बाजूला झाला.