घासलेले अर्धे डॉलर

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तिला माझं सगळं ठाऊक असतं, घोरण्यापासून ब्लड प्रेशरपर्यंत — पण हे नाही. तुम्हाला का सांगतोय? कुणास ठाऊक. ऐका फक्त.

२००६ साली मी अमेरिकेत, पार्सिपनी नावाच्या गावात एकटा राहायचो. लग्न व्हायचं होतं. शुक्रवारी ऑफिसातून निघालो की सोमवारपर्यंत माझ्याशी कुणी चकार शब्द बोलायचं नाही. अपवाद एकच — जवळच राहणाऱ्या सुमनकाकूंकडचं रविवारचं जेवण. त्यांचे मिस्टर, डॉक्टरकाका, नुकतेच गेले होते. वरणभात, लिंबू आणि काकांच्या गोष्टी. त्याच त्या गोष्टी. मला पाठ झाल्या होत्या, तरी हव्या असायच्या.

काकांना एक वेड होतं. बँकेतून अर्ध्या डॉलरची नाणी आणायची आणि कडा बघायची, कारण पूर्वी ती चांदीची असायची. कडेला तांबूस रेघ दिसली की नाणं परत, नुसती पांढरी असली की चांदीचं. त्यातलीही जुनी, न झिजलेली निवडून वेगळी ठेवायची. काकू जन्मभर यावरून भांडल्या. कचरा गोळा करता, म्हणायच्या. आता मात्र त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं — ह्यांची पारख खरी होती का? विकायचं नव्हतं हो काही. त्यांनी डबा माझ्या हातात दिला. कुणा जाणकाराला दाखवून आण, म्हणाल्या.

नाणी काळवंडली होती. दिवाळी तोंडावर आलेली. लक्ष्मीपूजनाला अशी काळी चांदी कुणी ठेवतं का? मी मोठा शहाणा! बसलो सिंकपाशी चिंच, मीठ, टूथपेस्ट आणि जुना ब्रश घेऊन. एकेक नाणं आई घासायची तसं घासलं. काकू किती खूश होतील, या कल्पनेनं मीच खूश.

नाण्यांच्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं भिंग लावलं आणि विचारलं, ही घासली कुणी? मग त्यानंच समजावलं — जुन्या नाण्यावर वर्षानुवर्षं चढलेला रंग तसाच लागतो. घासलं की शौकीन लोक हात लावत नाहीत, उरते फक्त चांदीच्या वजनाची किंमत. वर म्हणाला, निवडणाऱ्याची नजर फार चांगली होती.

एवढं एकच वाक्य मला घरी न्यायचं होतं. पण मग माझ्या घासण्यानं त्यांची किंमत गेली, हेही सांगावं लागलं असतं. आणि काकूंनी मला परत बोलावलं नसतं तर? — काकू तशा नव्हत्या. हे मला तेव्हाही कळत होतं.

चांदीच्या वजनापलीकडे यांना काही किंमत नाही काकू, असं मी सांगून टाकलं.

“अगं बाई, किती लखलखीत केलीस रे!” त्या आधी म्हणाल्या. मग डब्याचं झाकण लावत, “म्हणजे ह्यांना यातलं काही कळत नव्हतंच तर.”

मी हो म्हणालो. नुसता गप्प बसलो असतो तरी चाललं असतं — पण मी हो म्हणालो.

त्यानंतर काकू काकांबद्दल फारसं बोलेनाशा झाल्या. मी रविवारी जात राहिलो, पोटभर जेवत राहिलो. जेवताना भांड्यांचा तेवढा आवाज यायचा.

दोन वर्षांनी त्या मुलीकडे सांता क्लाराला कायमच्या राहायला गेल्या. एअरपोर्टवर मीच सोडलं त्यांना. वाटेत ट्रॅफिक लागला. गाडीत आम्ही दोघंच होतो, वेळ भरपूर होता, आणि मी रेडिओ लावला.