पाळीवर निघालेली रेती

माझ्या सासूला खेकडे फार आवडायचे, आणि मला त्याची भयंकर लाज वाटायची.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. नवरा पायाच्या खड्ड्यांवर कामाला, आणि आम्ही सासू-सुना एका तळ्याच्या पाळीवर माती टाकायला. बांधकामाला पाणी लागायचं, म्हणून ठेकेदार जुन्या नाल्यावर मातीची पाळ घालून पाणी अडवत होता. पाळीच्या पायथ्याशीच आम्हा मजुरांच्या झोपड्यांची ओळ होती.

पाणी थोडं साठलं तशी पाळीच्या आतल्या उतारावर खेकड्यांनी बिळं केली. काम सुटलं की सासू कोपरापर्यंत हात घालून खेकडे काढायची आणि पदरात बांधून सगळ्यांसमोरून घरी आणायची. मी सातवी पास, नवीन लुगडं जपून नेसणारी. रस्सा शिजताना वास बाहेर जाऊ नये म्हणून मी झोपडीचं दार लावून घ्यायचे. धुराने डोळे चुरचुरले तरी चालेल!

मी सासूला म्हणायचे, "मामीजी, हे खेडं नाई. इथं लोक हासतात आपल्याले."

"हासू दे. त्यायच्या पोटात दुखते, आपल्या पोटात खेकडा जाते."

शेवटी मी एक शहाणपणा केला. संध्याकाळी तिच्या आधी पाळीवर गेले, सगळ्या बिळांची तोंडं चिखलाने बुजवली आणि थापून गुळगुळीत केली. ओव्हरसियरसाहेबांनी पाहिलं आणि 'साफ काम' म्हणून माझी तारीफ केली. मी जमिनीपासून दोन बोटं वर चालत घरी आले.

खेकडा काही ओव्हरसियर नव्हता माझ्या कामाचा मान ठेवायला. सकाळपर्यंत सगळी बिळं पुन्हा उघडी, आणि प्रत्येकाच्या तोंडाशी आतून काढलेल्या ओल्या मातीच्या ताज्या गोळ्या. सासू त्या बघत बघत चालली होती. एका बिळापाशी ती बसली, एक गोळी चिमटीत धरून चुरडली आणि हात माझ्यापुढे केला. बोटांवर पिवळी, जाडी रेती होती.

"आपून तं सारी काळी माती टाकली. मंग यानं रेती कुठून आणली?"

बाकी सगळ्या बिळांसमोर काळ्या गोळ्या होत्या. इथे पाळीखाली नाल्याची जुनी रेती तशीच राहिली होती, आणि बीळ तिच्यापर्यंत पोचलं होतं. तळं त्याच दिवशी पंप लावून काठोकाठ भरायचं होतं. रेतीतून पाणी वाहू लागलं तर ती जागा खचणार होती, आणि बरोबर तिच्याखाली आमच्या झोपड्या होत्या.

सासू तडक साहेबांकडे गेली. "साहेब, पंप नका चालू करू. खेकडा झूट नाई बोलत. खाली जे हाये तेच वर आणते."

"अब केकडा हमको इंजिनिअरिंग सिखाएगा?" साहेब हसले. त्यांच्यामागे सगळी पाळ हसली.

"मले एक बीळ भरून पाहू द्या. भरलं, तं मी घमेलं ठेवून गावाले जातो."

घमेलं ठेवणं म्हणजे काम सोडणं. तिच्या मजुरीशिवाय आमचं घर चालत नव्हतं. साहेबांनी हसतच हो म्हटलं. तिने गोदामातून चुना आणला, पाण्यात कालवला. आधी एका काळ्या गोळ्यांच्या बिळात ओतला. एका घागरीत ते तोंडापर्यंत भरलं. मग रेतीच्या बिळात ओतू लागली. मी घागरी भरून देत होते. पाच झाल्या, सहा झाल्या, बीळ गटागट पीतच होतं. साहेबांचं हसू हळूहळू मावळलं.

जेवणाच्या सुट्टीच्या सुमाराला खालून बायका ओरडल्या. आम्ही धावलो. आमच्याच झोपडीमागे, पाळीच्या पायथ्याशी, जमिनीतून आमच्या चुन्याचं पांढुरकं पाणी पाझरत होतं.

पंप चालू झाला नाही. दुसऱ्या दिवशी तिथे पाळ खोदली, तेव्हा आत रेतीचा हातभर जाड थर निघाला. तो काढून काळी माती ठोकून भरेपर्यंत साहेब स्वतः उन्हात उभे होते. काम संपल्यावर ते सासूपाशी आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, कल से सुबह पहले आप पाळ देखोगी. आप हां बोलोगी, तब पंप चलेगा."

'ए बाई' म्हणणारा माणूस 'आप' म्हणाला होता. मला एवढा अभिमान वाटला की तिथेच रडू फुटलं. सासूला मात्र वेगळीच काळजी होती. "खोदताना खेकडे निघाले, ते कोनी नेले तं नाई?"

नव्हते नेले. मीच ओच्यात बांधून ठेवले होते. त्या संध्याकाळी मसाला मी वाटला, रस्सा मी टाकला, आणि झोपडीचं दार सताड उघडं ठेवलं.